पंच्याऐंशी की एकशे पस्तीस

"फोटो काढताना बाई तुमच्यापासून साधारण किती लांब असतात?" दुकानदाराने विचारलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं डोकंच फिरलं. खरं तर प्रश्नात वावगं काही नव्हतं. काउंटरवर निळं फडकं पसरून दुकानदाराने दोन लेन्स शेजारी-शेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या, एक पंच्याऐंशी मिलिमीटरची, एक एकशे पस्तीसची. हे गिऱ्हाईक इतके दिवस येतंय, दोन्ही डोळ्याला लावून बघतंय, रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर रोखतंय, आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातंय. दुकानदारही माणूसच. त्याने आता या दोघींना नावं ठेवली होती, धाकटी आणि थोरली. "हे बघा साहेब," तो म्हणाला, "धाकटी घेतलीत तर बोलता-बोलता फोटो काढता येतो. थोरली घेतलीत तर तेवढ्याच चेहऱ्यासाठी बरंच मागे सरकावं लागतं, हाक मारावी लागते. चेहरा दोन्हींत छान येतो. नाक मोठं दिसत नाही, मागचं सगळं पुसट होतं. प्रश्न फक्त अंतराचा आहे. म्हणून विचारतोय, बाई साधारण किती लांब असतात?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती, छतं आणि जिने मोजत आलेला हा माणूस फडक्याच्या कडेला बोट फिरवत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, "ते ठरलेलं नसतं." मग आपण उगाच आवाज चढवला असं वाटून पुढे म्हणाला, "प्रवासालाही न्यायचीय. वजनाचाही विचार करावा लागतो." दुकानदाराने मान डोलावली. वजनाचं गुऱ्हाळ त्याने याआधीही ऐकलं होतं.

हा माणूस जुन्या इमारतींची तपासणी करायचा. भिंतीला तडा गेला, गच्ची गळायला लागली, खांब एका बाजूला कलला की कंपनी त्याला पाठवायची. खोल्या लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून त्याच्या कॅमेऱ्याला कायम रुंद लेन्स. तिच्यात अख्खी खोली मावते. पण त्या लेन्सने माणसाच्या जवळ जाऊन फोटो काढला की नाक पुढे धावतं, कान मागे पळतात, आणि चांगलं माणूस सोंग घेतल्यासारखं दिसतं. म्हणून त्याने माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढायचं कधीच सोडून दिलं होतं. प्रवासाला गेल्यावर तो बायकोला म्हणायचा, "जरा त्या खांबाशी उभी राहा, उंची कळू दे." ती उभी राहायची. पुलाशी, दीपगृहाशी, धरणाच्या भिंतीशी, एका भल्यामोठ्या पडक्या दरवाज्याशी, पर्स पोटाशी धरून. बायकोला दाखवून दोघं डॉक्टरकडून आले त्या संध्याकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि एकेक सहल उघडत गेला. तिचा हसरा चेहरा हवा होता, दुसरं काही नको होतं. दगड सापडले. कमानी सापडल्या. एका कमानीला गेलेली बारीक भेग इतकी स्वच्छ आली होती की तिच्यातली मुंगीसुद्धा दिसत होती. बायको मात्र प्रत्येक फोटोत बोटाच्या पेराएवढी. ओढून मोठी केली की चेहऱ्याचे चौकोन-चौकोन व्हायचे, आणि त्या चौकोनांत ती हसतेय की उन्हाने डोळे बारीक केलेत हे काही केल्या कळत नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, मग तिचा आला. जवळ येऊन "माझा एक नीट काढ" असं एकदा तरी म्हणायला काय झालं होतं? मग कॅमेऱ्याचा आला. कॅमेऱ्यावर रागावणं सगळ्यात सोपं होतं, म्हणून तो राग त्याने धरून ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर लेन्सच्या दुकानाची पायरी चढला.

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या अगदी जवळजवळ होत्या, त्याचा गुडघा टेबलाला लागत होता. बायकोच्या कानाखाली, जबड्याच्या वळणावर गाठ आली होती. गाठ साधी आहे, डॉक्टर म्हणाले, पण ती लाळेच्या ग्रंथीत आहे आणि चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीच्या मधूनच जाते. गाठ काढताना आम्ही नस सांभाळतोच. तरी कधीकधी ती दुखावते. मग त्या बाजूचं हसू उतरतं, डोळा नीट मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. बहुतेकांचं परत येतं. "बहुतेकांचं म्हणजे?" त्याने विचारलं होतं, ठेकेदाराला विचारावं तसं, आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तेच वाक्य अधिक हळू पुन्हा म्हटलं होतं.  बायको डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होती. ही तिची जुनी सवय. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. दिवसभर तिच्या ओठांकडे बघणाऱ्या मुलांसमोर बोलून-बोलून तीही समोरच्याच्या ओठांकडेच बघायला लागली होती. घरी परत येताना टॅक्सीत ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी दोन दिवस समुद्रावर जाऊ या. नुसतं बसू. काही बघायचं नाही." तो लगेच म्हणाला, "जाऊ या की. तिथे तुझे मस्त फोटो काढू." ती खिडकीबाहेर बघायला लागली. तो मात्र लेन्सचं दुकान गाठल्यावर मनाशी हिशेब करायला लागला की समुद्रावर मागे सरकायला भरपूर जागा असते, म्हणजे एकशे पस्तीस चालेल, पण वाऱ्यात हात हलतो, म्हणजे जड लेन्सचा वांधा.

आणि मग जो घोळ सुरू झाला तो झालाच. इंटरनेटवर जावं तर तिथे लोक हातघाईवर आलेले. एक म्हणतो, पंच्याऐंशीसारखी चेहऱ्याला दुसरी नाही. दुसरा म्हणतो, ज्याने एकशे पस्तीस वापरली नाही त्याने तोंड उघडू नये. तिसरा मध्येच शंभरची काढतो आणि वर म्हणतो, फुलं आणि किडेही काढता येतील. किडे! याच्या बायकोच्या गालात सुरी जाणार आणि हा किडे घेऊन बसलाय! मेहुण्याने तर भंडावून सोडलं. तो बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याकडे हातभर लांब झूम लेन्स होती आणि ती गळ्यात अडकवून तो लग्नांमध्ये हिंडायचा. "भाऊजी, झूमच घ्या," तो रोज फोन करून सांगायचा, "मागेपुढे सरकायची कटकटच नाही. आपण जागचे हलायचं नाही, माणूस आपोआप जवळ येतो." "अरे, पण ती केवढी मोठी! समोरच्याला वाटतं तोफ रोखली," याने म्हणावं. "मग राहू दे, फोनवर काढा," मेहुण्याने म्हणावं आणि हसावं. बहिणीचं ऑपरेशन आहे आणि हसतोय कसला, असं त्याच्या ओठांवर यायचं. पण मेहुणा कशाला हसतोय ते त्यालाही ठाऊक होतं. घरात कोणीच त्या विषयाला हात घालत नव्हतं. सगळे दुसरंच काहीतरी बोलत होते आणि ज्याला त्याला वाटत होतं की बाकीचे निर्धास्त आहेत. बायको मधूनमधून विचारायची, "समुद्राचं काय केलंस?" तो म्हणायचा, "लेन्स एकदा ठरू दे. समुद्राला काय पाय फुटलेत?" ती म्हणायची, "मला सुट्टी सांगावी लागते. मुलांना सांगावं लागतं." "सांग ना मग," तो म्हणायचा. "कधीपासूनची सांगू?" "तेच तर म्हणतोय, लेन्स ठरली की सांगतो." आणि पुन्हा तो खुर्चीत बसून कुठल्या तरी परक्या माणसाने कुठल्या तरी परक्या बाईचा काढलेला फोटो मोठा करून तिच्या पापण्यांचे केस तपासायचा. पापण्या सुरेख यायच्या. त्या बाईच्या चेहऱ्याला काही होणार नव्हतं.

"एक करा," दुकानदार शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती की त्याला नुसतं हे गिऱ्हाईक एकदाचं टळायला हवं होतं, कोण जाणे. "दोन्ही घरी घेऊन जा. बाईंचे काढून बघा. जी जमेल ती ठेवा, दुसरी परत आणा." इतकं साधं त्याला आजवर सुचलं नव्हतं, याचाही त्याला वैतागच आला. दोन्ही खोके पोटाशी धरून तो घरी आला तेव्हा दुपारचं ऊन हॉलमध्ये भिंतीपर्यंत आलं होतं आणि बायको शाळेचे कपडेसुद्धा न बदलता टेबलाशी बसली होती. "हॉस्पिटलचा फोन आला होता," ती म्हणाली. "आपल्या आधी ज्यांचा नंबर होता त्यांना ताप आला. उद्या दाखल व्हायचंय. परवा सकाळी ऑपरेशन." तो खोके हातात धरून उभाच राहिला. "तू हो म्हणालीस?" "मग काय म्हणू? नवऱ्याची लेन्स ठरायचीय म्हणू?" ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते दमून म्हणाली. समुद्र गेला, हे त्याच्या लक्षात आलं.  इतक्या दिवसांत कधीही, कुठल्याही सकाळी उठून, फोनसुद्धा घरी ठेवून त्यांना जाता आलं असतं, बस होत्या, गाड्या होत्या. हे तिला सांगावं, चुकलो म्हणावं, तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसावं. त्याने खोके टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "ऊन चांगलं आहे. तू त्या भिंतीशी बसतेस का जरा?"

ती उठून बसली. तेवढी ती नेहमीच सोशिक. त्याने आधी धाकटी चढवली. मग थोरली चढवली, तर तिला नीट चौकटीत घेण्यासाठी तो मागे-मागे सरकत स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला आणि त्याची पाठ फ्रिजला टेकली. तिथून बायको स्वच्छ दिसत होती. इतकी स्वच्छ की कानाखालचा फुगवटा आणि त्याच्यावरून पुढे ओढून घेतलेली केसांची बट, दोन्ही दिसली. बट तिने कधीपासून तशी ओढायला सुरुवात केली होती? रोज समोर बसून जेवताना हे त्याला दिसलं नव्हतं. बायको कॅमेऱ्याकडे बघत होती, ओळखपत्राच्या फोटोत बघतात तशी. "हस ना," तो म्हणाला. ती हसली, म्हणजे ओठ ताणले. "तसं नाही, खरं." "खरं कसं हसतात?" तिने फ्रिजकडे बघत विचारलं. तो काढत राहिला. काहीच येईना. मग पंच्याऐंशी पुन्हा चढवली, त्यात चेहरा जवळ आला पण तोही तसाच बंद. जागा तरी नक्की करू म्हणून, कामावर करतो तसं, त्याने खिशातून पिवळी चिकटपट्टी काढली, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून त्याच्या तिन्ही पायांशी फरशीवर एकेक तुकडा चिकटवला, आणि एक तिच्या खुर्चीच्या पायाशी. हात आपोआप चालले. प्रत्येक इमारतीत तो हेच करायचा.

"हे काय?" तिने विचारलं.

"काही नाही. खूण."

"कसली खूण?"

"म्हणजे जागा हलायला नको. नंतर पुन्हा काढायचा झाला तर..." तो थांबला, पण तोवर उशीर झाला होता. इतकी वर्षं ती त्याच्या कामाच्या गोष्टी जेवताना ऐकत आली होती. दुरुस्तीच्या आधी एक फोटो आणि नंतर एक फोटो, त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, तसूभरही फरक नको, नाहीतर तुलना करता येत नाही, हे तिला पाठ होतं.

"आधीचा आणि नंतरचा," ती म्हणाली. "म्हणजे बिघडणार हे तू धरूनच चाललायस."

"मी असं म्हटलं का?"

"फरशीला चिकटपट्ट्या लावल्यास की! आणखी काय म्हणायचं बाकी ठेवलंस?" ती खुर्चीवरून उठली. "मी काय दुरुस्तीला काढलेलं घर आहे का रे? समुद्रावर चल म्हणत होते. नुसतं बसायचं म्हणत होते. तर म्हणे लेन्स ठरू दे! तुला माहितेय मला रोज शाळेत काय होतं? मुलं माझ्या तोंडाकडे बघून शब्द उचलतात. माझे ओठ मिटले नाहीत तर त्यांना 'प' कसा दाखवू, 'म' कसा दाखवू? परवा एक मुलगी गाठीला हात लावून विचारत होती, दुखतं का. मी नाही म्हटलं. हे मी कोणाशी बोलायचं? तुझ्याशी बोलायला यावं तर तुझं आपलं पंच्याऐंशी, एकशे पस्तीस, पंच्याऐंशी, एकशे पस्तीस! कान किटले माझे."

'प' आणि 'म' त्याच्या डोक्यात आलेच नव्हते. त्याला फक्त एक फोटो हवा होता, ठेवण्यासाठी. तो काय बोलला असता तर चाललं असतं, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. वाक्य छोटंच होतं, जिभेवरच होतं. पण इतके दिवस न बोललेलं वाक्य एकदम बोलायला गेलं की घशात आडवं येतं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी बाहेर पडतं. "ऊन जाईल आता," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. तो गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या पट्ट्या नखाने खरवडून काढत राहिला. चांगल्या प्रतीच्या होत्या, लवकर निघेनात.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सगळं झटपट झालं, हातावर पट्टा, रक्त, वजन, सह्या. दोन्ही लेन्स घरी टेबलावर तशाच राहिल्या होत्या. कॅमेरा त्याने आणलाच नव्हता, पुन्हा तिच्यासमोर काढायचं तोंड उरलं नव्हतं. संध्याकाळी एक परिचारिका येऊन म्हणाली, "फोटोला चला." दोघंही तिच्याकडे बघत राहिले. "चेहऱ्याच्या ऑपरेशनआधी काढतात सगळ्यांचे," ती म्हणाली, "फायलीला लागतात." दोघं लिफ्टने खाली आले. तळमजल्यावर एका खोलीत पांढरी भिंत होती, दोन दिवे होते, आणि फोटोवाला होता. त्याने हिला हिरवा अंगरखा घालून भिंतीशी उभं केलं आणि केस मागे बांधायला लावले. ती बट गेली. गाठ उघडी पडली. हा दाराशी उभा राहिला आणि सवयीने त्याने विचारलं, "कुठली लेन्स आहे हो ही?" "जी आहे ती, साहेब," फोटोवाला मान वर न करता म्हणाला, "मी इथे आलो तेव्हापासून हीच आहे." याला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ज्यापायी जिवाचं रान केलं, समुद्र घालवला, ते इथे एका माणसाने कधी विचारातसुद्धा घेतलं नव्हतं, आणि तिचा चेहरा तरीही जाऊन फायलीला लागणार होता.

"भुवया वर," फोटोवाला म्हणाला. खटॅक. "डोळे घट्ट मिटा. अजून घट्ट." खटॅक. "गाल फुगवा." तिने फुगवले. "नाक आक्रसा. दात दाखवा. सगळे दात." भिंतीला सांगावं तसं तो सांगत होता, तापट नाही, प्रेमळ नाही. ती एकेक करत होती, शाळेत मुलांना करून दाखवते तसं, ठसठशीत. चेहरा कसा चालतो ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं? "आता शीळ घाला," फोटोवाला म्हणाला.

"मला शीळ येत नाही," ती म्हणाली.

"आवाज नको आहे, ताई. ओठांचा आकार हवा."

तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, या वेळी चहा फुंकून निववल्यासारखा आवाज आला. तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबता येईना म्हणून खांद्यांतून, आणि मग सगळा चेहराच सुटला. दोन्ही गाल वर गेले, डोळे बारीक झाले, कानाखालची गाठसुद्धा त्या हसण्यात हलली. कॉम्प्युटरवर चौकोन ताणून-ताणून तो जे शोधत होता ते हे. फोटोवाल्याने बोट बटणावरून काढून घेतलं होतं. "हसू नका, ताई," तो म्हणाला, "हलल्याने फोटो पुसट येतो. पुन्हा शीळ."

"अहो, हसू द्या की तिला!" नवरा ओरडला. इतक्या मोठ्याने की बाहेरची परिचारिका डोकावली. "दोन मिनिटं हसू द्या! शीळ काय शीळ लावलीय कधीची! हसतेय ना ती? मग हसू द्या ना!" शेवटचे शब्द नीट बाहेर आलेच नाहीत. आवाज फाटला आणि त्याला हुंदका आला, सगळ्यांदेखत, दाराशी उभ्या-उभ्या.

तिचं हसणं थांबलं. "काय झालं रे?" तिने विचारलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाटतेय."

दिव्यांच्या प्रकाशात ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मग तसं बोलायचं ना. मला वाटलं, मला एकटीलाच वाटतेय." तिचा खालचा ओठ थरथरायला लागला, दोन्ही बाजूंनी सारखाच. तिने हात पुढे केला. तो दिव्याच्या वायरवरून पाय टाकत गेला आणि तिचा हात धरून भिंतीशी उभा राहिला.

"साहेब," फोटोवाला जरा संकोचून म्हणाला, "तुम्ही फोटोत येताय."

"येऊ दे," ती म्हणाली.